मैल सांगणारा काटा

पोंभुर्ण्यात एका चाचांच्या अंगणात गेल्या हिवाळ्यात एका जुन्या जीपचा डॅशबोर्ड उघडला होता. जीप विलिज नमुन्याची, महिंद्राची, १९५०च्या दशकातली. चाचांचे वालिद लाकडाच्या ठेक्यात होते, गाडी त्यांची. मधोमध स्पीडोमीटर आणि भोवती चार लहान घड्याळं : पेट्रोल, तापमान, ऑइल आणि अँपिअर. एकही काटा हलत नव्हता. चाचांना गाडी विकायची होती, म्हणून मिस्त्री बोलावला होता. मी मात्र तिथे रमलो ते त्या डायलच्या पायी.

त्यावर आकडे मैलांचे होते, जास्तीत जास्त ६०. भारतात दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला, ती मापं टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि रस्त्यावरच्या दगडांवर किलोमीटर आले. जीपला ते कोणी कळवलं नाही. पोंभुर्णा ते मूल ती मैलांतच मोजत राहिली.

या गाडीच्या कंपनीची एक गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक असते. १९४५ साली ती सुरू झाली तेव्हा तिचं नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होतं. जे. सी. आणि के. सी. महिंद्रा हे भाऊ, आणि भागीदार मलिक गुलाम मुहम्मद. धंदा पोलादाचा. (बल्लारपूरची पेपर मिलही १९४५चीच, इकडचा बांबू पुढे तिकडे गेला.) फाळणी झाली, गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ ते १९५५ तिथले गव्हर्नर जनरल. १९४८ साली कंपनी ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. दोन्ही नावांची आद्याक्षरं तीच, त्यामुळे छापलेले कागद वाया गेले नाहीत, असं गमतीने सांगतात. मला त्यात गंमत कमी वाटते. एक माणूस गेला. पण ज्या जीपा पुढे मुंबईत जोडल्या गेल्या त्या जंगलखात्यात, ठेकेदारांकडे, आमच्या मिस्त्रींच्या हाताखाली इथेच राहिल्या. जाणाऱ्याची चर्चा होते, राहिलेल्यांची फारशी होत नाही.

असो, मीटरकडे येऊ. स्पीडोमीटरची युक्ती जर्मनीच्या ओटो शुल्झेची, १९०२ची. गिअरकडून एक लवचीक केबल फिरत येते आणि तिच्या टोकाला लोहचुंबक फिरतो. त्याच्यावर अॅल्युमिनियमची वाटी असते, दोघं एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. अॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि वाटी त्याच्या मागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला अडवते. या ओढाताणीत काटा जिथे थांबतो तो वेग.

मिस्त्रीने केबल बाहेर ओढली. ग्रीस डिंकासारखं घट्ट झालेलं. रॉकेलने धुऊन नवं ग्रीस लावलं, पण वरचा दोन बोटं भाग कोरडा ठेवला. तिथे ग्रीस लावलं तर ते चढून वाटीत शिरतं आणि काटा थरथरायला लागतो. स्प्रिंगला त्याने हातही लावला नाही. पेट्रोलच्या काट्याचा दोष घड्याळात नव्हताच. टाकीच्या तरंग्याची अर्थ वायर गंजली होती. ड्रायव्हरच्या सीटखाली टाकी, पावसाळ्यात ओले पाय, दुसरं काय होणार. अँपिअर मीटरच्या मागचे नट मात्र त्याने दोनदा आवळले. या गाड्यांत जवळजवळ सगळा करंट तिथून जातो, नट ढिला राहिला की वायर तापते. बॅटरीची वायर आधी न सोडता तिथे पाना लावणारा माणूस दुसऱ्यांदा तसं करत नाही.

काचेखाली बुरशी होती, आकड्यांचा रंग सुटला होता. चाचांच्या मुलाने नागपूरहून किलोमीटरचा छापील स्टिकर आणला होता, मापात बसणारा, देखणा. मिस्त्रीने तो हातात घेतला आणि परत दिला. “मियाँ, ये लगाया तो काटा झूठ बोलेगा.” खरंच होतं. यंत्र मैलाचं. काटा ४०च्या जागी असेल तेव्हा गाडी तासाला ६४ किलोमीटरने धावत असते. त्या जागी स्टिकर जे छापेल ते छापील, यंत्र काही त्याचं ऐकणार नाही.

दुसरा प्रश्न खालच्या चाकांचा. तिथे ४२ हजारांच्या पुढचा आकडा होता. चाकं पाचच, ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. मुलगा म्हणाला, उघडलंच आहे तर शून्य करून टाका, नवं दिसेल. अब्बा म्हणाले, नाही. गिऱ्हाईक तो आकडा किलोमीटर समजेल, तेही त्यांना चालणार नव्हतं. ४२ हजार मैल म्हणजे साडेसदुसष्ट हजार किलोमीटरच्या वर, आणि चाकं एकदा फिरून आली असतील तर त्याहून एक लाख मैल जास्त. माप मारणाऱ्यांवर कुरआनात एक अख्खी सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. आपण ती तराजूवाल्या दुकानदारापुरती समजतो. जुन्या गाड्यांच्या बाजारात मीटर मागे फिरवणं इतकं सर्रास चालतं की त्याला कोणी माप मारणं म्हणतही नाही.

शेवटी डायल मैलांचीच राहिली. मिस्त्रीने बारीक ब्रशने आतल्या कडेला लाल रेघा ओढल्या : ३१ मैलांजवळ ५०, ५० मैलांजवळ ८०. आकड्यांची चाकं फक्त कापसाने पुसली. विकण्याच्या कागदावर चाचांनी स्वतःच्या हाताने लिहिलं : मीटर मैलात आहे, एक फेरा पूर्ण झाला असावा.

पहिलं गिऱ्हाईक ते वाचून परत गेलं. जीप अजून अंगणात आहे. काटा चालतो.