तळटीप १४ : जीआयएफचे पेटंट

१४. लेखकाने इथे ‘जीआयएफचे भांडण’ एवढाच उल्लेख केला आहे; आजच्या वाचकाला तो उमगणे अवघड. चित्रे साठवण्याचा जीआयएफ हा प्रकार कॉम्प्युसर्व्ह कंपनीने १९८७ साली आणला. चित्राची फाइल लहान करण्यासाठी त्यात एलझेडडब्ल्यू ही रीत वापरली होती. टेरी वेल्च यांनी ती १९८४ साली लेख लिहून मांडली, पण पेटंटसाठी अर्ज त्याआधीच झाला होता. स्पेरी कंपनीला १९८५मध्ये मिळालेले हे अमेरिकी पेटंट विलीनीकरणानंतर युनिसिसकडे गेले. जीआयएफ सगळीकडे रुळल्यावर, १९९४च्या डिसेंबरात, परवानाशुल्काची मागणी जाहीर झाली.

कोणी कोणाचा कोड चोरला नव्हता. कॉपीराइट लिहिलेल्या कोडपुरता असतो. पेटंट रीतीवरच हक्क सांगते, म्हणून स्वतःच्या डोक्याने लिहिलेला प्रोग्रॅमही त्यात अडकतो. त्यात शुल्क प्रतीमागे असेल, तर मुक्त प्रोग्रॅम वाटणाऱ्याने भरायचे तरी किती? त्याच्या प्रती कोण कुठे काढतो, हे त्यालाच ठाऊक नसते. (खटल्याच्या भीतीपेक्षा हा हिशेबच जास्त घातक, असे आम्हांला वाटते.) जीएनयू प्रकल्पाने आपल्या संकेतस्थळावर जीआयएफ चित्रे वापरणे टाळले; पीएनजी हा पर्याय याच वादातून जन्मला. अमेरिकेतले पेटंट जून २००३मध्ये संपले.

भारतीय पेटंट कायद्याचे कलम ३(के) निव्वळ संगणक-प्रोग्रॅमला पेटंट नाकारते. २००४च्या अध्यादेशाने त्यात फट पाडली होती. संसदेने २००५मध्ये ती बुजवली. – संपा.