हयगय व दायित्व (अपकृत्य-कायद्यातील)

हयगय व दायित्व : वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य न पाळल्यामुळे दुसऱ्याच्या शरीराची वा मालमत्तेची हानी झाल्यास तीबद्दल भरपाई देण्याची दिवाणी जबाबदारी. हयगय हे अपकृत्य सिद्ध होण्यासाठी प्रतिवादीचे कर्तव्य, त्याचा भंग आणि भंगातून उद्‌भवलेली हानी या तिन्ही गोष्टी वादीने दाखवाव्या लागतात. नुसती बेफिकिरी वा नुसते दुर्दैव पुरेसे नसते.

मनुस्मृतीत चुकीचा उपचार करणाऱ्या वैद्यास दंड सांगितला आहे; पण तो रोग्याला नव्हे, तर राजाला मिळे. जखम करणाऱ्याने जखमीच्या उपचाराचा खर्च (समुत्थानव्यय) सोसावा, हा त्याच ग्रंथातील नियम भरपाईच्या आधुनिक कल्पनेला अधिक जवळचा आहे. ब्रिटिश अमदानीत ‘न्याय, समता व सद्‌सद्‌विवेक’ या सूत्राच्या आधारे इंग्लंडमधील तत्त्वे येथे रुजली. फ्रेडरिक पोलॉक यांनी भारतासाठी तयार केलेल्या अपकृत्यविषयक विधेयकाचा कायदा झाला नाही. त्यामुळे हा कायदा मुख्यतः न्यायनिर्णयांतूनच घडला.

मराठवाड्यातील एका दाव्याने त्यात मोलाची भर घातली. 1963 मध्ये जालना हा औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातील तालुका होता. जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी वेगळा झाला. त्या वर्षी जुलैमध्ये औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात एका स्त्रीची प्रसूती झाली व पाठोपाठ कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करण्यात आली. तिला तीव्र वेदना व ताप सुरू झाला. पोट पुन्हा उघडले असता आत पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी राहिलेला टॉवेल सापडला. 24 जुलै रोजी ती मरण पावली.

कुटुंबीयांच्या दाव्यात दिवाणी न्यायालयाने 36,000 रुपयांची भरपाई मंजूर केली. उच्च न्यायालयाने मात्र शासनाचे अपील मान्य केले. रुग्णालय चालविणे हे शासनाचे सार्वभौम कार्य असून नोकरांच्या हयगयीबद्दल राज्य उत्तरदायी नाही, असा त्यामागील एक आधार होता. या युक्तिवादाला पाठबळ होते ते 1965 मधील कस्तुरीलाल खटल्याचे. त्यात पोलिसांच्या ताब्यातून नाहीशा झालेल्या सोन्याबद्दल राज्याला जबाबदार धरण्यात आले नव्हते. पण पोलिसांनी अधिकार वापरून केलेली जप्ती आणि प्रसूतीसाठी विश्वासाने आलेली बाई या दोन गोष्टी एका मापाने मोजणे विचित्रच म्हटले पाहिजे.

‘अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये हा निर्णय फिरविला. रुग्णालय चालविणे हे लोककल्याणाचे काम आहे, ते केवळ राज्यालाच करता येण्याजोगे सार्वभौम कार्य नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. पोटात टॉवेल राहणे ही वस्तुस्थितीच हयगयीची साक्ष देते. बेशुद्धावस्थेत असलेल्या रुग्णाने कोणाच्या हातून चूक झाली हे कसे सांगावे? म्हणून नेमका दोषी कोण हे निश्चित झाले नाही, तरी मालक या नात्याने राज्याचे प्रातिनिधिक दायित्व कायम राहते. भरपाईचा मूळ हुकूमनामा पुन्हा कायम झाला. मृत्यूला तोवर बत्तीस वर्षे उलटून गेली होती, आणि 36,000 रुपयांची क्रयशक्ती 1963 मधील उरली नव्हती.

डॉक्टरच्या कर्तव्याचे मोजमाप याआधीच ठरले होते. कोकणात अपघात होऊन पुण्यास आणलेल्या एका तरुणाच्या मृत्यूसंबंधीच्या जोशी विरुद्ध गोडबोले या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये सांगितले, की रुग्ण स्वीकारावा की नाही, कोणता उपचार द्यावा आणि तो कसा करावा या तिन्ही बाबतींत वैद्याने वाजवी कौशल्य व काळजी दाखविली पाहिजे. सर्वश्रेष्ठ कौशल्याची अपेक्षा मात्र कायदा करीत नाही.

ग्राहक संरक्षण अधिनियमाखालीही वैद्यकीय सेवेबद्दल तक्रार करता येते, हे 1995 मध्ये स्पष्ट झाले. तथापि जेथे सर्वांनाच विनामूल्य उपचार मिळतात, अशा रुग्णालयाची सेवा त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. अशा रुग्णालयातील रुग्णाला अपकृत्याचा दिवाणी दावा हाच भरपाईचा प्रमुख मार्ग उरतो.