बोटीचं इंजिन, घाटातली तार

मित्राच्या काकांची अलिबागच्या बाजूला एक बोट आहे. शनिवार-रविवार पर्यटकांना फिरवून आणते. तिचं डिझेल इंजिन जुनं झालंय, धूर ओकतं आणि त्याच्या आवाजात शेजारच्याशी बोलताही येत नाही. ते काढून इलेक्ट्रिक मोटर बसवायची असं मित्राच्या डोक्यात आलं. "तू इंजिनियर ना, बॅटरी केवढी लागेल तेवढं सांग." मी पोटासाठी कोड लिहितो, मोटरला शेवटचा हात कॉलेजच्या लॅबमध्ये लावलेला. तरी एका रविवारी कर्जतच्या घरी आकडेमोड करायला बसलो.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण 10 युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातली जेमतेम एक तृतीयांश पंख्यापर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होऊन जाते. तेवढंच काम करणारी लिथियम बॅटरी घ्यायची तर 20-25 किलो वजन होतं. काकांची टाकी 100 लिटरची. म्हणजे दोन टनांहून जास्त बॅटरी. मग माणसं कुठे बसवायची?

तेवढ्यात स्टेशनवरून घाटात जाणाऱ्या गाडीचा भोंगा ऐकू आला, आणि लक्षात आलं की हाच हिशेब आमच्या गावात शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी मांडला होता.

मुंबईहून निघालेली रेल्वे 1856 मध्ये खोपोलीपर्यंत आली आणि सह्याद्रीसमोर थांबली. पलीकडे खंडाळा ते पुणे मार्ग 1858 मध्ये सुरू झाला. मधला घाट लोक पालखीतून, घोड्यावरून किंवा पायी चढायचे. गाडी थेट वर जायला लागली 1863 मध्ये. चढ होता 37 फुटांना 1 फूट. रेल्वेच्या जगात ही भिंतच. शिवाय वाफेचं इंजिन बोटीसारखंच असतं, स्वतःचं इंधन स्वतः वाहतं. कोळसाही न्यायचा, पाणीही न्यायचं आणि ते ओझं ओढण्यासाठी आणखी कोळसा जाळायचा. अर्ध्या घाटात रिव्हर्सिंग स्टेशन होतं, तिथे गाडीची दिशा उलटी करून पुढे चढावं लागे.

म्हणून कर्जतला गाडी थांबते. मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात, त्यांना बँकर म्हणतात. ती जोडेपर्यंत मिळणाऱ्या वेळात दिवाडकरांचे वडे खपतात. माझ्या पुण्याच्या मित्रांना कर्जत म्हणजे एवढंच माहीत असतं, त्यात त्यांची चूक नाही.

3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली. 1929 मध्ये तार कल्याणहून घाट चढून पुण्याला पोचली. 1500 व्होल्ट, डीसी. डिझेलची पायरी गाळून घाट वाफेवरून थेट विजेवर गेला. त्याच सुमारास नवा मार्ग काढून रिव्हर्सिंग स्टेशनही मोडीत काढलं. पुढच्या वर्षी, 1 जून 1930 ला, डेक्कन क्वीन सुरू झाली. मालगाड्यांसाठी आलेल्या इंजिनांना रेल्वेवाले खेकडा म्हणायचे. सुमारे 2600 हॉर्सपॉवरचं हे धूड, आणि त्याच्या पोटात कोळशाचा एक तुकडा नाही. बॅटरीही नाही. माझ्या दोन टनांच्या प्रश्नाला रेल्वेचं उत्तर साधं होतं: ऊर्जा सोबत न्यायचीच नाही, वरच्या तारेतून घ्यायची.

मला याहून आवडतो तो उताराचा भाग. वाफेची गाडी घाट उतरताना चढण्यात घातलेली सगळी मेहनत ब्रेक तापवण्यात जायची. खेकडा उतरताना त्याच्या मोटरी जनरेटर व्हायच्या आणि वीज तारेत परत सोडायच्या. मात्र ती घ्यायला कुणीतरी हवं. त्याच तारेखाली दुसरी गाडी चढत असेल, तर उतरणारी गाडी चढणारीला हातभार लावणार. आज इलेक्ट्रिक स्कूटरच्या जाहिरातीत हेच नवीन म्हणून सांगतात.

पण तारेचं दुसरं टोक कुठे होतं?

मला लहानपणापासून वाटायचं की खोपोलीला. कारण खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र आमच्याकडे शाळेच्या सहलीचं ठिकाण. लोणावळ्याच्या बाजूला धरणं बांधून, एरवी पूर्वेकडे वाहून गेलं असतं ते पाणी पश्चिमेला वळवलं आणि पाइपातून सुमारे 1700 फूट खाली सोडलं. 1915 मध्ये तिथली वीज मुंबईला पोचली, ती प्रामुख्याने कापड गिरण्यांसाठी. गिरण्यांनी आपले बॉयलर सोडून मोटरी बसवल्या, म्हणजे तिथेही इंजिन बदलणंच चाललं होतं. 1922 मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं केंद्र सुरू झालं. रेल्वेच्या घाटाच्या दोन्ही अंगांना पडत्या पाण्याची वीज.

आणि घाटातल्या गाड्यांसाठी रेल्वेने वीजघर बांधलं ठाकुर्लीला, चोळा पॉवर हाऊस. ते चालायचं कोळशावर! म्हणजे घाटातला धूर गेला, बोगद्यात फायरमनचं घुसमटणं थांबलं, ही मोठीच गोष्ट. एका मोठ्या वीजघरात कोळसा जाळणं शंभर छोट्या बॉयलरांत जाळण्यापेक्षा काटकसरीचंही. पण चिमणी फक्त खाली सरकली होती. खोपोलीचं पाणी गिरण्या चालवायला मुंबईत, ठाकुर्लीचा कोळसा गाड्या चालवायला घाटात. दोन्हींच्या तारा आमच्या डोक्यावरून. आजी सांगायची, तिच्या माहेरच्या शेतात विजेचा टॉवर होता आणि घरात कंदील. त्या घरात पहिला बल्ब लागला तेव्हा तिला दोन मुलं झाली होती.

चोळा आता बंद आहे. घाटातली डीसी तारही गेली, 2016 पर्यंत मध्य रेल्वेने मुंबईच्या बाजूचं सगळं 25,000 व्होल्ट एसीवर नेलं. बँकर मात्र अजून कर्जतलाच लागतात. चढ तेवढाच आहे.

मित्राला मी कळवलं की पूर्ण टाकीइतकी बॅटरी विसर. फेरी अर्ध्या तासाची आहे, तर दोन फेऱ्यांपुरती बॅटरी ठेव आणि किनाऱ्याला लागलं की चार्ज कर. वजन आटोक्यात येतं. फक्त धक्क्यावर चार्जिंगची जाडजूड लाइन हवी. शिवाय बोट काही घाट उतरत नाही, त्यामुळे खेकड्यासारखं परत काही मिळणार नाही, हेही सांगून टाकलं.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "पावसाळ्यात आमच्याकडे लाइट दोन-दोन दिवस नसते. तेव्हा रे?"

सध्या धक्क्यावरच्या कनेक्शनसाठी अर्ज केलाय. डिझेल इंजिन काढलेलं नाही.