मृत्युपत्र न केलेला माणूस

साल 1897, ऑगस्ट महिना. घोड्यांच्या ट्राममधून उतरून, चिखल चुकवत तुम्ही मुंबईच्या हायकोर्टाकडे निघाला आहात. ही दगडी इमारत 1878 साली पुरी झाली, अजून विशीसुद्धा उलटलेली नाही. वर न्याय आणि दया यांचे पुतळे पावसात भिजताहेत. गेल्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग निघाला, हिवाळ्यात लोकांनी गावची वाट धरली. तुमचे खापरपणजोबा प्लेगातच गेले, एवढंच घरात ऐकत आलात.

"मृत्युपत्र नाही त्यांचं," टेबलापलीकडचा कारकून म्हणतो. "लेटर्सचा अर्ज आहे. बघता?"

तुमचा चेहरा पडतो. पडू देऊ नका. मृत्युपत्र असलं की कोर्ट प्रोबेट देतं, नसलं की लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन. आणि घराण्याचा शोध घेणाऱ्याला हा दुसरा कागद पुष्कळदा जास्त देतो. मृत्युपत्रात माणूस ज्यांना काही ठेवायचं त्यांचीच नावं घालतो. ज्याच्यावर रुसला त्याचं नाव गाळतो. लेटर्सच्या अर्जात मात्र 1881 चा कायदाच विचारतो: माणूस कधी वारला, कुठे वारला, मागे कुटुंबात आणि नात्यात कोण कोण आहेत, ती कुठे राहतात, अर्जदाराचा हक्क कोणता, हाती येणारी मालमत्ता किती रुपयांची.

कारकून फीत सोडतो. अर्ज इंग्रजीत आहे. खापरपणजीला तो दुभाष्यानं मराठीत समजावून सांगितल्याची नोंद खाली आहे. तुम्ही नातेवाइकांच्या यादीवर बोट ठेवता. विधवा, म्हणजे अर्जदार स्वतः. मुलगा, वय 7. हे तुमचे पणजोबा. त्याखाली आणखी एक ओळ: मुलगी, वय 3.

मुलगी? पणजोबांना बहीण होती हे तुमच्या घरात कुणी कधी उच्चारलेलं नाही. तीन वर्षांची पोर, गिरगावातल्या एका खोलीत राहणारी, आणि ती जिवंत होती याची खूण या एका ओळीत आहे. नाव, वय आणि पत्ता एवढंच, पण तुम्हाला पुढे सरकवत नाही.

पुढचं पान खापरपणजीच्या थोरल्या नणंदेचं, मुक्काम रत्नागिरी. वहिनीला लेटर्स मिळायला आपली हरकत नाही, असं तिनं प्रतिज्ञेवर सांगितलं आहे. तिला लिहिता येत नाही. सहीच्या जागी टाकानं काढलेलं एक वेडंवाकडं वर्तुळ आहे, शेजारी मोडीत दोन शब्द: निशाणी बांगडी. शेतकऱ्याचा नांगर, बाईची बांगडी, अशी तेव्हाची रीत. वर्तुळ नीट जुळलेलं नाही, एका बाजूला शाई फुटली आहे. जवळून पाहा, हात थरथरलेला कळतो.

मग जामीनखत. लेटर्स घेणाऱ्याला जामीन द्यावा लागतो, आणि परक्या बाईसाठी सहसा कोण उभा राहतो? इथली दोन नावं वहीत उतरवून घ्या. मामा, मेहुणा, गाववाला अशांपैकीच कुणीतरी निघेल. शेवटी मालमत्तेची याद, जी सहा महिन्यांत कोर्टात दाखल करायची असते: सरकारी प्रॉमिसरी नोटा, सोन्याची पाटली, तांब्याचे दोन हंडे. पाटली कुणाची असेल हे सांगायला नको.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. फायलीवर ठळक दिसते ती लेटर्स मंजूर झाल्याची तारीख. मृत्यूची तारीख अर्जाच्या आत असते. मृत्यूनंतर चौदा दिवस पुरे झाल्याशिवाय लेटर्स देता येत नसत, आणि पुढे कितीही उशीर होई. बँकेनं पैसे अडवले की मगच माणसं कोर्टाची पायरी चढत. म्हणून मृत्यूचं साल पाहून थांबू नका, पुढची दहा-पंधरा वर्षं चाळा. आडनावाखाली सापडलं नाही तर पहिल्या नावाखाली शोधा, इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हांनी लिहून पाहा.

कारकून फीत पुन्हा बांधतो. बाहेर पाऊस थांबलाय. तुम्ही परत आपल्या सालात याल तेव्हा घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला फोन लावा आणि त्या तीन वर्षांच्या मुलीचं नाव घेऊन विचारा.