साइडिंगला टाकलेला जनरल

एप्रिल-मे आला की आपल्या आयटीवाल्यांच्या कँटीनमध्ये एकच विषय असतो. कोणाला प्रमोशन मिळालं, कोणाचं हुकलं आणि कोण आता पेपर टाकणार! रेटिंग, बेल कर्व्ह, मॅनेजरचा लाडका वगैरे चर्चा चहाच्या तिसऱ्या कपापर्यंत चालते.

मी मूळचा होटगीचा. मुंबई-चेन्नई मेन लाइनवरून विजयपूर-गदगकडे जाणारी लाइन जिथे फुटते, ते सोलापूरजवळचं जंक्शन. त्यामुळे 'साइडिंगला टाकणे' म्हणजे काय हे आमच्याकडे पुस्तकात वाचावं लागत नाही. मालगाडी बाजूला उभी असते, मागून आलेली एक्सप्रेस धडधडत पुढे निघून जाते, आणि मालगाडीचा ड्रायव्हर बिचारा सिग्नलकडे बघत बसतो. आजची गोष्ट अशाच एका मोठ्या माणसाची आहे. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, म्हणजेच एस. पी. पी. थोरात.

थोरात कोल्हापूरकडचे, जन्म १९०६ चा. सँडहर्स्टला शिकून १९२६ साली ते अधिकारी झाले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगावला जपान्यांशी भयंकर लढाई झाली. तिथल्या ५१ व्या ब्रिगेडच्या तीन पलटणींचे कमांडर भारतीय होते: थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. तिघांनाही डी.एस.ओ. हे शौर्यपदक मिळालं. पुढे १९५३ मध्ये कोरियातल्या युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी भारताने फौज पाठवली, तिचे प्रमुख थोरात. कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरलं तेव्हा हा माणूस स्वतः त्यांच्या कुंपणाच्या आत गेला आणि मेजरला सोडवून घेऊन आला. त्याबद्दल अशोकचक्र, वर्ग दोन. थोडक्यात काय, रेझ्युमेत कुठेही खोट काढायला जागा नाही.

१९५७ मध्ये थिमय्या लष्करप्रमुख झाले आणि थोरात पूर्व विभागाचे प्रमुख. नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल, त्यांच्याकडे. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी एक योजना लिहून वर पाठवली. म्हणणं साधं होतं. ऐन सरहद्दीवर आपल्याला रस्ते नाहीत, रसद पोचत नाही, तिथे मोठं सैन्य अडकवू नका. पुढे फक्त खबर देणाऱ्या छोट्या चौक्या ठेवा. खरी लढाई मागे, जिथे आपली रसद पोचते आणि चिन्यांची ताणली जाते तिथे करा. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किला' नावाचा सराव घेऊन त्यांनी हेच अधिकाऱ्यांसमोर मांडलं. थिमय्यांचा पाठिंबा होता. पण संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना हा सगळा घबराटीचा प्रकार वाटला.

मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. आपल्या जागी थोरात यावेत अशी त्यांनी शिफारस केली होती. नेमणूक झाली प्राणनाथ थापर यांची.

आता इथे एक गोम आहे. थापर सीनियॉरिटीत थोरातांच्या वरच होते. म्हणजे कागदावर बघितलं तर निर्णय नियमाला धरून! ऑफिसातही बहुतेक वेळा असंच असतं. अन्याय झाला असं म्हणायला जावं तर समोरचा नियमावली दाखवतो, आणि नियम खरा असतो. फक्त तो कधी काढायचा आणि कधी कपाटात ठेवायचा, हे दुसरंच कोणीतरी ठरवत असतं. कारण त्याच मेननांच्या काळात सीनियॉरिटी बाजूला ठेवून बढत्या दिल्याच्या तक्रारीही होत होत्या.

थिमय्यांचाच किस्सा बघा. असल्या बढत्यांवरून मेननांशी बिनसल्यावर त्यांनी १९५९ मध्ये राजीनामा दिला. नेहरूंनी समजूत घातली, त्यांनी तो मागे घेतला आणि मग नेहरूंनी संसदेत त्यांच्यावरच टीका केली. पुढची पावणेदोन वर्षं ते खुर्चीवर होते, पण शब्दाचं वजन गेलं ते गेलंच. काउंटर ऑफर घेऊन थांबलेल्यांना हे पटकन कळेल. पेपर टाकायचे तर जायच्या तयारीने टाकावेत, धमकी म्हणून नव्हे.

थोरातांनी यातलं काही केलं नाही. ते १९६१ मध्येच निवृत्त होऊन घरी गेले. त्यांची योजना मात्र फायलीत होती.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला. नामका चू कोसळलं, मग से ला, मग बोमदिला. महिनाभरात मेनन गेले, थापर गेले आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. नेहरूंनी थोरातांना दिल्लीला बोलावून घेतलं. थोरातांनी आत्मचरित्रात लिहिलंय की ती योजना नेहरूंपर्यंत पोचलीच नव्हती. ती मला का दाखवली नाही, असं नेहरूंनी विचारलं, तर याचं उत्तर मेननच देतील, असं थोरात म्हणाले.

मला या गोष्टीत 'बघा, मी सांगत होतो ना' असा आनंद कुठेच दिसत नाही. बरोबर ठरण्याची किंमत हजारो जवानांनी दिली होती. थोरात प्रमुख असते तर निकाल बदलला असता का? तेही छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण मंत्री तेच आणि धोरण तेच राहिलं असतं. थापरांच्या नशिबी जे आलं ते कदाचित थोरातांच्या नशिबी आलं असतं. हुकलेल्या खुर्चीचा विचार करताना आपण फक्त खुर्ची बघतो, तिच्यासोबत येणारा वरचा बॉस विसरतो.

मग प्रमोशन हुकलं तर करायचं काय? मला थोरातांकडून तीन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. एक, आपलं म्हणणं लेखी ठेवा आणि लोकांसमोर मांडा. कँटीनमधलं 'मी तेव्हाच म्हटलं होतं' कोणी मोजत नाही. मार्च १९६० चा सराव मात्र अनेकांनी डोळ्यांनी पाहिलेला होता. दोन, निर्णय कोणत्या नियमाने झाला ते शांतपणे समजून घ्या. तुमच्यात कमतरता होती, का वरच्याला तुम्ही नको होतात? पहिल्यावर उपाय आहे. दुसऱ्यावर जागा बदलणं हाच उपाय. तीन, जाताना हिशेब चुकते करत बसू नका. थोरात पुढे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. ज्याला वरच्यांनी निवडलं नाही, तोच माणूस राज्यासाठी अधिकारी निवडत होता! आत्मचरित्र त्यांनी १९८६ साली, म्हणजे पंचवीस वर्षांनी छापलं.

अर्थात तुमच्या अप्रेझलवर कुठल्या देशाची सीमा अवलंबून नाही, माझ्याही नाही. पण या आठवड्यात कोणाचं नाव यादीत आलं नसेल, तर सोमवारी सकाळी राजीनाम्याचा ईमेल लिहिण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि आपण वर्षभरात नक्की काय सांगितलं, काय केलं, ते तारखांसकट लिहून काढा. पेपर टाकायचे की थांबायचं, ते त्यानंतर ठरवा.