रस्सा वजा केल्यावर

खाद्यपदार्थांचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी बहुधा राजवाड्यांच्या मुदपाकखान्याकडे, नाही तर मोठ्या कारखान्यांकडे वळते. कारण तेथे दप्तर असते. गल्लीतल्या चार बाकांच्या दुकानाला दप्तर नसते. तरीही काही पदार्थ जन्माला येतात ते अशाच ठिकाणी. जपानमधील ‘आबुरासोबा’ हा रश्शाविना खाल्ला जाणारा नूडल्सचा प्रकार त्यांपैकी एक.

त्याच्या नावातच अर्धा इतिहास दडलेला आहे. ‘आबुरा’ म्हणजे तेल वा चरबी. ‘सोबा’ हा शब्द मुळात कुट्टूच्या पिठाच्या शेवयांचा. पण येथे कुट्टू औषधालाही सापडणार नाही. शेवया असतात गव्हाच्या. तोक्योच्या असाकुसा भागात १९१० साली ‘राइराइकेन’ हे दुकान निघाले, त्यातले स्वयंपाकी योकोहामाच्या चिनी वस्तीतून आलेले होते. त्यांच्या गव्हाच्या शेवयांना जपानी लोकांनी आपलाच ओळखीचा शब्द दिला आणि त्या ‘चिनी सोबा’ झाल्या. पुढे त्यांनाच जग ‘रामेन’ म्हणू लागले.

१९४५च्या पराभवानंतर जपानमध्ये तांदळाचा तुटवडा पडला आणि अमेरिकी गहू येऊ लागला. अमेरिकेने १९५४ साली केलेल्या ज्या ‘पी. एल. ४८०’ कायद्याखाली पुढे आपल्याकडेही रेशनचा गहू आला, त्याच कायद्याचा गहू जपाननेही घेतला. भातखाऊ समाजाच्या ताटात गहू स्थिरावला तो असा, आणि गव्हाच्या शेवयांची लहान दुकाने गावोगाव वाढली.

आबुरासोबाचा उदय याच दशकातला. जनकत्वाचा मान दोन दुकानांना दिला जातो : कुनिताची येथील ‘सान्को’ आणि मुसाशिनो येथील, १९५४ साली सुरू झालेले ‘चिनचिनतेई’. आधी कोण, हा वाद रंगतो खरा. पण त्याहून बोलके आहे ते त्यांच्यातले साम्य. दोन्ही गावे तोक्योच्या पश्चिमेला, एकाच चुओ रेल्वेमार्गावर. दोन्हीकडे विद्यापीठ, म्हणजेच भूक मोठी आणि खिसा लहान असलेले गिऱ्हाईक. अशा वेळी जनक शोधण्यापेक्षा परिस्थिती वाचणे अधिक फलदायी ठरते.

रामेनच्या दुकानाची प्रतिष्ठा असते रश्शात. हाडे तासन् तास उकळून तो सिद्ध होतो. आबुरासोबाने नेमका तोच वजा केला. वाडग्याच्या तळाशी सोया सॉसचे मिश्रण आणि डुकराची चरबी, वर निथळलेल्या गरम शेवया, मांसाचे काप, बांबूचे कोंब, कांद्याची पात. व्हिनेगर आणि तिखट तेल गिऱ्हाइकाने आपल्या हाताने घालायचे आणि वाफ जिरण्याआत सारे तळापासून कालवायचे. रश्शाबरोबर स्वयंपाक्याची सत्ताही थोडी कमी झाली. येथे पदार्थ पुरा होतो तो खाणाऱ्याच्या हातून.

पुढे २००८ साली नागोया शहरात ‘मेन्या हानाबी’ या दुकानात ‘तैवान माझेसोबा’ तयार झाला. रामेनसाठी केलेला तिखट खिमा रश्शाशी जुळेना, तेव्हा तो टाकून देण्याऐवजी नुसत्या शेवयांवर घालून पाहावा, असे एका मदतनीस मुलीने सुचवले, असे सांगतात. नावात तैवान असले तरी पदार्थ नागोयाचा. शेवया संपल्यावर उरलेल्या मसाल्यात थोडा भात कालवून खाण्याची तेथे रीत आहे. गव्हाच्या वाडग्यात शेवटी तांदूळ परततो.

या कथेत युद्ध, दुष्काळी टंचाई, स्थलांतर, परराष्ट्रनीती असे सारे काही आहे. नाहीत ती फक्त कागदपत्रे. दुकानाचा मालक थकला आणि वारस नसला की पाटी उतरते आणि तळाच्या त्या मिश्रणाचे प्रमाणही त्याच्याबरोबर जाते. उरते ती खाणाऱ्यांची स्मरणे. ती ऐकून, पारखून वेळीच टिपून ठेवणे हेही इतिहासकाराचेच काम आहे. ज्यांनी विद्यार्थिदशेत तेथे पोट भरले, ते आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.