हार्टली हॉल, लिव्हिंग्स्टन हॉल आणि अकरा दिवसांची खोली

आजचा भाग जरा घरगुती कारणावरून सुचलाय. मागच्या महिन्यात मी पुण्यात भाड्याने खोली शोधत होतो. एजंटशी फोनवर सगळं जमलं होतं. भाडं, डिपॉझिट, पार्किंग, अगदी पाण्याची वेळसुद्धा. शेवटी तो म्हणाला, "आडनाव काय म्हणालात?" मी सांगितलं. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, "मालकांशी बोलून कळवतो." अजून कळवतोच आहे.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी एक जुनं प्रकरण पुन्हा वाचायला घेतलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकले हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण ते तिथे राहिले कुठे? कोणाबरोबर? आणि त्याच इमारतींत त्या काळात कोणाला खोली मिळत होती, कोणाला नाही? एकदा हे विचारायला लागलं की गोष्ट फारच वेगळी होते.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकन सिनेमात तुम्ही ती ग्रीक अक्षरं लावलेली घरं पाहिली असतील, अल्फा, बीटा, डेल्टा वगैरे. त्यांना फ्रॅटर्निटी म्हणतात. मुळात हा विद्यार्थ्यांचा गुप्त कंपू. ग्रीक अक्षरांची सुरुवात 1776 मध्ये व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात झाली, फाय बीटा कप्पा या मंडळापासून. तिथे मुख्यतः वादविवाद आणि निबंधवाचन चालायचं. 1825 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात कप्पा अल्फा सोसायटी निघाली आणि पुढे हे लोण पसरलं. वादविवाद मागे पडले, शपथ, खुणेचं हस्तांदोलन, कोटावरची पिन आणि स्वतःचं घर हे पुढे आलं. नवीन मुलाला आत घ्यायचं की नाही हे आतली मुलं ठरवायची. अर्ज केला म्हणजे घेतलं, असा प्रकार नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर इन्व्हाइट-ओन्ली.

आणि आत घेण्याआधी 'परीक्षा'. 1873 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मॉर्टिमर लेगेट नावाचा मुलगा याच कप्पा अल्फाच्या प्रवेशविधीत रात्री दरीत पडून मेला. त्याचे वडील यादवी युद्धातले जनरल होते. माझ्या होस्टेलमध्ये या प्रकाराला 'इंटरॅक्शन' म्हणायचे. रॅगिंग म्हटलं तर कायदा लागतो ना! आम्हीही पुढच्या वर्षी तेच केलं, थोडं कमी, पण केलं. हे सांगून टाकतो, नाहीतर मी फार सज्जन वाटेन.

आता कोलंबियाकडे. हे विद्यापीठ 1897 मध्ये मॉर्निंगसाइड हाइट्सला आलं, तेव्हा तिथे वसतिगृहच नव्हतं. मुलं घरून यायची, भाड्याच्या खोलीत राहायची किंवा फ्रॅटर्निटीच्या घरात. म्हणजे ज्याला फ्रॅटर्निटीने घेतलं त्याला मित्रही मिळाले आणि छप्परही. ज्याला नाही घेतलं तो शहरात एकटा. ज्यू मुलांना बहुतेक जुन्या फ्रॅटर्निटींची दारं बंदच होती. म्हणून 1895 मध्ये कोलंबियातच पाय लॅम्ब्डा फाय निघाली, धर्म न बघता घेणारी. आणि 1906 मध्ये कॉर्नेलमध्ये सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा काढली, कारण गोऱ्यांच्या घरांत त्यांना प्रवेश नव्हता. बाहेर ठेवलेल्यांनी आपलं वेगळं दार बसवलं. आपल्याकडच्या ज्ञातीच्या बोर्डिंगांचा इतिहास आठवला असेल तर बरोबर आठवला, पण तो एका वेगळ्या भागाचा विषय आहे.

1905 मध्ये कोलंबियाने पुरुषांसाठी दोन वसतिगृहं उघडली, हार्टली हॉल आणि लिव्हिंग्स्टन हॉल. हार्टलीचा पैसा काडतुसं आणि बंदुकांच्या धंद्यातून आला होता, हे सहज जाता जाता. या वसतिगृहांत कंपूचं मतदान नव्हतं. खोली विद्यापीठ द्यायचं.

1913 च्या जुलैमध्ये बावीस वर्षांचे बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती, महिन्याला साडेअकरा पौंड. पहिला मुक्काम हार्टली हॉल. तो आठवडाभरच टिकला, कारण जेवण कच्चं-पक्कं आणि त्यात गोमांस. मग ते वेस्ट 114व्या रस्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, तिथे काही भारतीय विद्यार्थी राहायचे. परदेशी मुलांसाठीचे हे क्लब तेव्हा अमेरिकेत ठिकठिकाणी निघाले होते. शेवटी ते लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये स्थिरावले. खोलीतला जोडीदार होता नवल भथेना, एक पारशी तरुण.

इथे थोडं थांबू या. साताऱ्याच्या शाळेत ज्याला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागलं, तो मुलगा आता एका खोलीत दुसऱ्या माणसाबरोबर झोपतोय, उठतोय, अभ्यास करतोय. 'जात कोणती' हे न विचारता खोली मिळाली. बाबासाहेबांनीच नंतर लिहिलंय, की युरोप-अमेरिकेतल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती.

साधारणपणे आपल्या भाषणांत ही गोष्ट इथे संपते. अमेरिका मोकळी, आपण मागासलेले, टाळ्या. मला ते पटत नाही, कारण त्याच वसतिगृहांचं पुढचं दशक बघा.

1921 मध्ये लँग्स्टन ह्यूज कोलंबियात आला. पुढे मोठा कवी झालेला हाच तो. वडील मेक्सिकोत असल्याने त्याने खोली तिथूनच पत्राने राखून ठेवली होती. समोर उभा राहिला तेव्हा तो कृष्णवर्णीय आहे हे कार्यालयातल्या बाईंना दिसलं आणि काहीतरी चूक झाली असावी, असं सुरू झालं. बरीच घासाघीस झाल्यावर खोली मिळाली. कुठे? हार्टली हॉलमध्येच. एकाने जेवण आवडलं नाही म्हणून सोडलेल्या इमारतीत दुसऱ्याला पाय ठेवायला भांडावं लागलं. वर्षभरात ह्यूजने कोलंबिया सोडलं.

1924 च्या एप्रिलमध्ये तर कहर झाला. फ्रेडरिक वेल्स हा कायद्याचा कृष्णवर्णीय विद्यार्थी फर्नाल्ड हॉलमध्ये राहत होता. त्याला काढा, अशी मागणी काही रहिवाशांनी केली आणि एका रात्री वसतिगृहासमोर क्रूस पेटवला गेला, कु क्लक्स क्लॅनच्या पद्धतीने. न्यूयॉर्कमध्ये, बरं का, दक्षिणेत नाही. वेल्स हलला नाही, आणि विद्यापीठानेही त्याला काढलं नाही, एवढं श्रेय द्यायला हवं. त्याच वर्षी थोड्याच अंतरावर रॉकफेलरच्या पैशातून परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंटरनॅशनल हाउस उघडलं. जगभरच्या पाहुण्यांना दार उघडं, घरच्या माणसासमोर पेटता क्रूस.

माझं मत विचाराल तर बाबासाहेबांना खोली मिळाली ती तिथला भेद संपला होता म्हणून नाही. तिथल्या वहीत त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. परका, शिकायला आलेला, शिकून परत जाणार. जो राहायला मागतो त्याची गोष्ट वेगळी असते. 1923 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना 'गोरे' धरता येत नाही, म्हणून नागरिकत्व नाही, असंच ठरवलं.

आणि आता 1917, बडोदा. शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे बाबासाहेब संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. राहायचं कुठे? हिंदू खानावळीत घेणार नाहीत. म्हणून पारशांच्या धर्मशाळेत गेले. रखवालदाराला अंगावर सदरा-कस्ती दिसली नाही. मग तोड निघाली, वहीत पारशी नाव लिहायचं आणि रोज दीड रुपया द्यायचा. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, बाकी अडगळीने भरलेला मोठा हॉल, वटवाघळं, वीज नाही, रात्री एक कंदील. न्यूयॉर्कमध्ये ज्याच्यासोबत खोली वाटून घेतली तो खराखुरा पारशी होता. इथे डोकं टेकायला जागा मिळावी म्हणून स्वतःच खोटा पारशी व्हावं लागलं.

अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी लाठ्या घेऊन जिन्यावरून वर आले. संध्याकाळपर्यंत खोली सोड. बाबासाहेबांनी दोन मित्रांना विचारलं. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती झालेला मित्र म्हणाला, बायकोला विचारून सांगतो. (हे 'विचारून सांगतो' मला फारच ओळखीचं वाटलं.) मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास त्यांनी कामाठी बागेत काढले.

नवल भथेनांशी मैत्री मात्र तुटली नाही. 1920 मध्ये बाबासाहेब अर्धवट राहिलेलं शिक्षण पूर्ण करायला पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा ज्यांच्याकडून पैसे उसने मिळाले त्यात भथेना होते. लिव्हिंग्स्टन हॉल आजही उभा आहे, नाव बदलून वॉलक हॉल झालंय. तिथे आता मुलीही राहतात, कारण कोलंबिया कॉलेजने 1983 पासून त्यांना प्रवेश दिला.

माझी खोली अजून मिळालेली नाही. सध्या कॉलेजमधल्या एका मित्राच्या हॉलमध्ये गादी टाकून झोपतो, आणि हा भाग त्याच्याच स्वयंपाकघरात रेकॉर्ड केलाय. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली असेल तर समजून घ्या.